डावीकडचं शहर

२ मार्च १९६३. भिलाई, सेक्टर पाच.

ट्रंक भरली. सिंधूने जवसाची चटणी, सांडगी मिरची आणि चिवड्याचा डबा कोंबला. म्हणते, "रशियाच्या बायका इथं बाजारात येऊन बीट आन् पत्ताकोबीच घेऊन राहतात. तिकडं काय जेवन भेटते ते समजलंच मले."

काल डॉक्टरी झाली. डॉक्टरांनी हातातलं घड्याळ उजव्या कानाला धरलं. "टिकटिक येते?" येते. मग डावीकडे. "येते?" येते, म्हणालो. डावीकडे काही आलं नव्हतं. घड्याळ धरलं असेल अशा अंदाजानं म्हणालो. सही झाली.

आठ जण चाललो. सहा महिने ट्रेनिंग. परत आलो की नव्या ब्लोअर हाऊसवर, म्हणजे भट्टीला वारा पुरवतात त्या मशिनींवर, फोरमन. आत्तापर्यंत ती जागा डिप्लोमावाल्यांची. मी सातवी पास. बाप दुर्ग लाइनीवर गँगमन, मी शेडमध्ये इंजिन पुसता पुसता शिकलो. सळईचं एक टोक बेअरिंगवर, दुसरं कानाला. कोणती मशीन कण्हते, कोणती खोटं बोलते, ते सगळं कानानं. कानावरच इथवर आलो.

सिंधूला ठाऊक आहे. पूर्वी माझ्या डावीकडे निजायची, वर्ष झालं उजवीकडे निजते. 

५ मार्च. मुंबई, बोटीवर.

चढलो. बोट म्हणजे आपल्या सेक्टरच्या क्वार्टरांच्या लायनी एकावर एक रचलेल्या. अर्धी भिलाईच चढली आहे. कामं संपलेले रशियन एक्सपर्ट बायकापोरांसकट परत चालले. बायकांच्या हातात काचेच्या बांगड्या, एकीच्या काखेत लोणच्याची बरणी. एक पाच वर्षांची सोनेरी केसांची पोरगी खलाशाला हिंदीत म्हणाली, "ए भैया, रस्ता छोड़ो." तो बिचारा आपल्याच देशाच्या पोरीकडे पाहत राहिला.

केबिनमध्ये मी, लक्ष्मण साहू (क्रेन ऑपरेटर, छत्तीसगढिया, माझ्याच खात्यातला, माझ्याहून चार वर्षांनी लहान) आणि कोक ओव्हन खात्याचे दोघं. आमचे लीडर बोरकर साहेब शेजारच्या केबिनमध्ये. नागपूरचे इंजिनियर, सत्ताविसाव्या वर्षी चष्मा आणि कपाळावर आठी. पुढे नुसतं बो.सा. लिहीन.

बो.सा.नी कागद वाचून दाखवला. ओडेसाला उतरताच तिथली डॉक्टरी. नापास होईल तो पुढच्या बोटीनं घरी.

ऐकून खाली येऊन पडलो.

७ मार्च. पाणी.

समुद्र शांत, पोट अशांत. कोक ओव्हन दोन्ही आडवे. बो.सा. बादलीपाशी. साहू तेवढा ठणठणीत. क्रेनच्या पिंजऱ्यात पाच वर्षं झुलला, त्याला काय लाटेचं. तिघांचं जेवण एकटा जेवला.

काळा पाव, बिटाचं लाल सार, दह्यासारखं ताक. ताकात चटणी कालवली. टेबलावरच्या रशियन बाईंनी चाखून पाहिली, डोळ्यांत पाणी, मग आणखी मागितली.

रोज घड्याळ मागे करायला सांगतात. मी केलं नाही. माझं भिलाईचंच चालू. आत्ता दुपारची बी शिफ्ट लागली. माझ्या हाताखालचा मोहन पंपाकडे चक्कर मारत असेल. मारतो की नुसता मारली लिहितो, कोण जाणे.

८ मार्च.

पावेल निकितिच भेटले. म्हातारे फिटर. तीन वर्षं मला हाताखाली घेतलं, रशियन त्यांच्याकडूनच उचललं. पुस्तक नाही, वही नाही. ते जे ओरडत ते मी ओरडायचो. मला "गणपत सीतारामोविच" म्हणतात. त्यांच्यात बापाचं नाव असं लावतात. बाप असता तर सात दिवस हसला असता.

आज डेकवर डोमिनो खेळताना पाहिलं. कोणी विनोद केला की सगळे हसतात, मग पाव मिनिटानं पा.नि. हसतात. सगळ्यांची तोंडं पाहून.

भिलाईत आम्ही समजत होतो, हा माणूस जन्मतःच ओरडून बोलतो. आज समजलं, त्याला स्वतःचा आवाज पोचत नाही.

१० मार्च. एडन मागे पडलं.

आज होळी. बोटीवर विस्तवाला मनाई. साहूनं पुडीतून गुलाल काढला, कुठे लपवला होता देव जाणे. बो.सा.ना लावला, पा.नि.ना लावला, कॅप्टनला लावायला निघाला तेव्हा आवरला. सोनेरी पोरीनं स्वतःहून गाल पुढे केले. तिची आई म्हणाली, तिकडे गेल्यावर ही विसरेल. पोरगी म्हणाली, नहीं भूलूंगी.

इथे मशिनींचा गडगडाट नाही. म्हणून डावा कान किती रिकामा ते आता समजून राहिलं. प्लांटमध्ये सगळेच बहिरे, तिथं काय कळणार.

१२ मार्च. तांबडा समुद्र.

आज झालं ते लिहून ठेवतो.

जेवण करून दुपारी झोपलो. उजव्या कुशीवर. चांगला कान उशीत. धोक्याची घंटा झाली. खरी नाही, कवायतीची. सगळ्या प्रवाशांनी तरंगायचे पट्टे बांधून वर जायचं, नावं मोजायची. केबिनमधले तिघं आधीच वर होते. घंटेचं मला काहीच नाही. छान झोप.

वर तीनशे माणसं उन्हात पट्टे बांधून उभी. यादीत एक कमी. नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बाया उभ्या. अधिकारी म्हणतो, माणूस सापडेपर्यंत कोणी हलणार नाही. वीस मिनिटांनी बो.सा.नी येऊन मला हलवलं.

"गणपतराव, कावून नाही आले?"

"झोप लागली होती, साहेब."

"घंटा तुमच्या दाराबाहेरच आहे ना. माझे दात वाजले तिच्यानं."

मी पट्टा उलटा बांधत होतो. ते पाहत राहिले. 

वर गेलो तर सगळे माझ्याकडे. एका रशियन आजीनं टाळी वाजवली. हसून घेतलं मी. मला हसून घेणं जमतं. पण खरी घंटा असती तर? आणि हे तीनशे लोक माझ्यासाठी तसेच उभे राहिले असते तर?

१३ मार्च.

सकाळी कठड्याशी उभा होतो. बो.सा. उजवीकडे येऊन उभे राहिले. म्हणाले, "मी एवढा वेळ तुमच्या डावीकडे होतो. तीन हाका मारल्या."

मी डावा कान चोळत राहिलो.

"कधीपासून?"

"दीड-दोन वर्षं."

"आन् भिलाईची डॉक्टरी?"

सांगितलं घड्याळाचं. चष्मा काढून पुसत राहिले. वाटलं, आता साहेबी बोलतील. बोलले ते वेगळंच.

"गणपतराव, तुमच्या हाताखाली किती माणसं?"

"अठरा."

"नव्या हाऊसमध्ये चाळीस येतील. कोणी डावीकडून ओरडला, तर?"

मी म्हणालो, "साहेब, मले काढून टाकाल तर मी स्टोअरमध्ये नट मोजत बसीन. मले दुसरं येत नाही काही. तुमच्याजवळ डिगरी आहे, माझ्याजवळ एवढंच आहे."

आवाज चढला असावा. दोन रशियन वळून पाहत होते.

ते म्हणाले, "मी कोणाजवळ काही बोलणार नाही. ओडेसाले जे सांगायचं ते तुम्हीच सांगा. मी फक्त पाहीन."

यापेक्षा त्यांनी रिपोर्ट लिहिला असता तर बरं होतं. शिव्या तरी देता आल्या असत्या.

रात्रीच्या जेवणाला साहूला सगळं सांगितलं. तो हाडूक चोखत म्हणाला, "मोला पता हे, भइया. देवारी ले."

दिवाळीच्या आदल्या दिवशी बेमध्ये, म्हणजे क्रेन फिरते त्या लांब शेडमध्ये, मी वाकलो होतो, डावीकडून क्रेनचा हुक येत होता. घंटा वाजवली म्हणे तीनदा. मी हललो नाही. साहूनं क्रेन अशी थांबवली की दोरखंड किंचाळला. त्या दिवशी मी त्यालाच झापलं होतं, क्रेन झटक्यानं थांबवतो म्हणून. त्यानं ऐकून घेतलं. पाच महिने पोटात ठेवलं.

"बोलला कावून नाहीस?"

"का बोलतेंव? साहब मन सुन लेतिन." बोललो असतो तर साहेब लोकांच्या कानावर गेलं असतं, म्हणतो.

१५ मार्च. सुएझचा कालवा.

दोन्ही बाजूंना रेती. बोट रेतीतून चालल्यासारखी. उंट, पोरं, एक रेल्वेगाडी आमच्या बाजूनं धावली, तिनं शिट्टी दिली. घर आठवलं.

पा.नि. मला खाली इंजिनरूममध्ये घेऊन गेले. चीफ इंजिनियरला म्हणाले, हा माझा भारतीय, याचा कान पाहा. सळई दिली. शाफ्टचं तिसरं बेअरिंग जरा कोरडं वाजत होतं. सांगितलं. चीफनं स्वतः ऐकलं, मान हलवली, तेलवाल्याला हाक मारली. पा.नि. अशा थाटात बघत होते जसं बेअरिंग त्यांनीच घडवलं.

उजव्या कानानंच ऐकलं मी. मशिनीला कुठं समजतं कान कोणता?

वर येताना जिन्यात त्यांना विचारलं, तुमचं कधी गेलं? ओरडूनच विचारलं. थांबले. म्हणाले, ब्लोअरवर सहाव्या वर्षी एक, नवव्या वर्षी दुसरा. सांगितलं नाही कोणाला. मेडिकलला दरवेळी काहीतरी युक्ती. "आता घरी जातोय. नातवंडं आहेत. बोलतील. मी मान हलवीन."

मग माझ्या पाठीवर थाप मारून खूप हसले. कशावर ते समजलं नाही.

१८ मार्च. इस्तंबूल.

दीड दिवस मुक्काम. उतरायची परवानगी, संध्याकाळी सहाच्या आत परत. मी आणि साहू निघालो. बो.सा. म्युझियम पाहायला गेले.

एवढं मोठं शहर आजवर पाहिलं नव्हतं. मुंबई नुसती स्टेशन ते बंदर पाहिली. इथे पूल, पुलाखाली मासे तळणारे, तवा होडीत आणि गिऱ्हाईक धक्क्यावर. तांब्याची भांडी ठोकणारे. फेरीबोटींचे भोंगे. एकजण डोक्यावर तीळ लावलेल्या पावाच्या कड्यांची परात घेऊन ओरडत चालला होता, चाल अगदी आपल्या दुर्गच्या चणेवाल्याची. साहूनं सहा कडी घेतली आणि बांगड्यांसारखी मनगटात घातली.

पुलावरून जाताना गंमत वाटली. सगळं शहर उजवीकडे. भोंगे, गाड्या, हाका, सगळं उजवीकडे. डावीकडे माणसांची तोंडं हलतात, घोडागाडी जाते, पाणी कापत बोट जाते, आणि आवाज काही नाही. जसं डावीकडचं शहर काचेमागे ठेवलं आहे. टोकाला जाऊन परत फिरलो. तर मघा गप्प असलेलं सगळं बोलू लागलं. तळणाचा चर्र आवाज, एक बाई पोराला रागावत होती, कोणीतरी शीळ घालत होतं. हे सगळं मघाही होतंच. आणि मघा उजवीकडे होतं ते आता मेलं.

चार वेळा पूल ओलांडला. साहू म्हणाला, "भइया, पुल नापत हस का?"

भिलाईचं किती डावीकडे राहून गेलं असेल. सिंधू स्वयंपाकघरातून बोलते. मी पेपर वाचत असतो. ती दुसऱ्यांदा बोलत नाही.

१९ मार्च. इस्तंबूल, दुसरा दिवस. बोट तीन वाजता सुटणार.

चढाच्या एका गल्लीत दारावर पितळी पाटी दिसली. चार लिप्यांत नाव. त्यातली रशियन मला येते. पुस्तकातून नाही, भिलाईत उतरलेल्या मशिनींच्या पेट्यांवरून. "वरची बाजू", "सांभाळा", "ओलं करू नका" एवढं वाचून अक्षरं लागली. नावाखाली कान काढला होता. साहूला पायरीवर कडी खात बसवलं आणि आत गेलो.

डॉक्टर ऐंशीचे तरी. रशियन, पण फार जुने, क्रांतीच्या वेळचे इकडे आलेले. मी माझ्या रशियनमध्ये सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि डोळे मोठे होत गेले.

"हे कुठं शिकलास?"

"कारखान्यात."

"तरीच. माझ्या बायकोपुढे बोलू नकोस. दोन वाक्यांत तीन शिव्या आहेत."

मला पत्ताच नाही. मला वाटत होतं ते शब्द म्हणजे "कृपया" वगैरे.

दिवा लावून दोन्ही कान पाहिले. लोखंडी चिमटा वाजवून कानामागच्या हाडाला, कपाळाला टेकवला. अगदी आपली सळई. मग कागदावर चित्र काढून समजावलं. पडदा ठीक आहे. आतली नस आवाजानं झिजली, ती पुन्हा येत नाही. उजवा चांगला. तरी तोही जरासा झिजला आहे.

"त्याच मशिनीवर परत गेलास तर उजवाही जाईल. पाच वर्षं, सात वर्षं."

"आणि कापूस कोंबला तर?"

"थोडा जास्त."

मी म्हणालो, कापूस कोंबून मशीन ऐकू येत नाही. म्हणाले, तेच तर.

पैसे घेतले नाहीत. भिलाई कुठे ते विचारलं. जाडजूड नकाशांचं पुस्तक काढलं, त्यांच्याएवढंच जुनं. त्यात भिलाई कुठली. नागपूर सापडलं, रायपूर सापडलं. मध्ये बोट ठेवलं. ते भिंग घेऊन माझ्या नखाखाली शोधत राहिले.

बाहेर साहू. "का कहिस डागदर?"

सांगितलं. अर्धं कडं माझ्या हातात दिलं. खाल्लं.  बोटीपर्यंत तो सबंध वाट माझ्या डावीकडून चालला. गाड्या त्या बाजूनं येत होत्या.

२० मार्च. काळा समुद्र.

थंडी. सगळ्यांनी होतं नव्हतं ते अंगावर घातलं. रशियन बायकांच्या बांगड्या आता कोटाच्या बाहीत गेल्या. सोनेरी पोरगी सकाळपासून आईशी रशियनच बोलते आहे. मी "कैसी है" म्हटलं तर लाजली.

पा.नि.कडून उद्याची रीत समजली. घड्याळबिड्याळ नाही. सहा पावलांवर भिंतीकडे तोंड करून उभं करतात, एक कान बोटानं बंद. मागून डॉक्टर कुजबुजून आकडे सांगते, आपण परत सांगायचे. मग दुसरा कान. दार उघडंच असतं, रांग दिसते.

साहू लगेच म्हणाला, "त का होगे? मैं पहिली जाहूँ." तो आधी जाऊन येईल, मग दारात रेंगाळेल. भिंतीवर आरसा, खिडकीची काच काहीतरी असेलच. डॉक्टरीण आकडा बोलली की तो हातानं दाखवेल.

आमचं हे रोजचं काम. बेमध्ये कोणाला कोणाचं ऐकू येतं? क्रेनवरून खाली, खालून वर, सगळं हातावर. वजन, नंबर, उचल, थांब, डाव्या अंगाला, मायला जेवायला चल, सगळं. चाळीस हातांवरून मी त्याच्या बोटांत छप्पन आणि पासष्ट ओळखतो. रशियन आकडे त्याला वीसच्या पुढे येत नव्हते. आज दुपारभर शिकवले. मला पास करायला तो रशियन शिकला. शंभरपर्यंत. जेवताना पावाऐवजी आकडे चघळत होता.

जमेल. शंभर टक्के जमेल.

म्हणूनच भीती वाटून राहिली.

बो.सा. मघा येऊन बसले, उजवीकडे. पेनात शाई भरून दिली, माझी संपली होती.  उद्या गरम कपडे घाला म्हणाले.

सिंधूला पत्र लिहायला घेतलं. "कळवण्यास कारण की" इथेच अडलो. फोरमन झालो तर तिला दोन खोल्यांऐवजी तीन खोल्यांचं क्वार्टर. मागे अंगण, तिला मेथी लावायची आहे. आणि सात वर्षांनी मी त्या अंगणात बसून मान हलवीन. नाही झालो तर स्टोअर. नट, बोल्ट, वॉशर. कान शाबूत. ऐकायला काय, तर कपाट उघडल्याचा आवाज.

तिसरं काही असेल का? खरं सांगून, "मले मशीन ऐकू द्या, माणसं दुसऱ्याजवळ द्या" म्हटलं तर? अशी जागा भिलाईत नाही. कुठेच नाही बहुतेक. विचारलं कोणी आजवर?

पत्र तसंच ठेवलं.

२१ मार्च. ओडेसा. बंदरावरची खोली.

बाकावर बसून लिहितो आहे. रांग आहे. आपले आठ, शिवाय दुसरे. खोलीत कोळशाची शेगडी, ओल्या कोटांचा वास. पा.नि. उतरताना भेटले. मिठी मारली, तीनदा गालाला गाल. त्यांची मुलगी न्यायला आली होती. ती बोलत होती, ते मान हलवत होते.

दार उघडं. डॉक्टरीण दिसते. जाड, पांढरा कोट, चेहरा आपल्या शाळेतल्या बाईंसारखा. फार हळू बोलते. उभं करतात त्या भिंतीतल्या खिडकीला काच आहे. काचेत दार दिसतं. साहू म्हणाला होता तसंच.

कोक ओव्हन दोन्ही पास. बो.सा. पास, ते बाहेर येऊन इकडच्या खिडकीपाशी उभे राहिले, पाठ करून. मुद्दाम पाठ केली असावी.

साहू आत गेला, आला. पास. आता दारात चौकटीला टेकून उभा. उजवा हात मांडीशी, बोटं मोकळी करून पाहतो आहे, क्रेन उचलायच्या आधी करतो तशी. माझ्याकडे पाहत नाही. गरीब माणूस. घामाघूम झाला आहे, एवढ्या थंडीत.

त्याला म्हणावं वाटतं, हात खिशात घाल. म्हणावं वाटतं, नको घालू.

पुढे एक बुटका माणूस आहे, मग मी. तो आत गेला. ती कुजबुजते आहे. उजव्या कानाला थोडं पोचतं. सेमदेस्यात. सत्तर. डावा इकडे बाकाच्या बाजूला आहे, त्या बाजूनं कोणी

साहूनं खांद्याला हात लावला. माझं नाव दोनदा पुकारलं म्हणे. उठतो.